इन्फ्रारेड फिल्मवर कोकण: चौकट बांधताना आधी काळ्याचा विचार

कोकणात कृष्णधवल इन्फ्रारेड फिल्म, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा तांबड्यापलीकडचा प्रकाशही टिपणारी फिल्म, वापरणाऱ्याला पांढरा रंग शोधावा लागत नाही. उन्हातले जवळजवळ प्रत्येक हिरवे पान या फिल्मच्या प्रिंटमध्ये पांढरे किंवा फिकट करडे दिसते, आणि माड, पोफळी, आंबा, काजू, कांदळवन आणि भाताचे मळे यांनी भरलेल्या या किनारपट्टीवर हिरव्याला तोटा नाही. त्यामुळे नवख्या माणसाची चित्रे बहुधा एकाच कारणाने फसतात. सगळी चौकट पांढऱ्याने भरून जाते, नजर कुठेच ठरत नाही, आणि पहिले नवल ओसरले की त्या चित्रात पाहण्यासारखे फारसे उरत नाही. चित्राला आकार देते ते काळे, आणि ते मात्र हेरून, वेळ साधून आणि उभे राहण्याची जागा बदलून मिळवावे लागते. पुढची सगळी पद्धत या एका विचारावर उभी आहे.

पान, पाणी, आकाश आणि दगड

चौकटीत येणारी प्रत्येक वस्तू फिल्मवर कशी उमटेल याचा अंदाज डोळ्यांना येत नाही, म्हणून तो समजून घ्यावा लागतो. पानातील हरितद्रव्य निळा आणि तांबडा प्रकाश शोषून घेते, परंतु सुमारे ७०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या पलीकडील, म्हणजे इन्फ्रारेड, प्रकाशाला ते जवळजवळ अडवत नाही. पानाच्या आतील पेशी आणि त्यांच्यामधील हवेच्या पोकळ्या हा प्रकाश विखुरतात. त्यातला बराचसा परत येतो आणि बराचसा पानातून पार होऊन खाली उतरतो. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९१० मध्ये अशी छायाचित्रे प्रसिद्ध केली, त्यामुळे पाने पांढरी दिसण्याच्या या प्रकाराला त्यांचेच नाव मिळाले. चौकट बांधणाऱ्याच्या दृष्टीने यातून निघणारी महत्त्वाची गोष्ट अशी की आंब्याची तांबूस पालवी आणि त्याच झाडाची काळपट हिरवी जून पाने डोळ्यांना कितीही वेगळी दिसली, तरी फिल्मवर ती जवळपास एकाच छटेची होतात. झाडाची निवड रंगावरून न करता आकारावरून करावी लागते. माडाची झावळ, पोफळीचा सरळसोट खोड असलेला शेंडा, वडाचा पसरलेला घेर हे आकार पांढऱ्यातही ओळखू येतात. आंबा आणि काजू शेजारी शेजारी असतील तर त्यांचा एकच ढीग होतो. सुरूच्या बारीक काड्यांमध्ये सावल्या अडकून राहतात, म्हणून सुरूबन बहुधा माडांइतके पांढरे होत नाही, आणि या करड्या छटेचा उपयोग पांढऱ्या झाडीला मागून आधार देण्यासाठी करता येतो.

निरभ्र आकाश काळे होते, कारण हवेतील रेणू लांब तरंगलांबीचा प्रकाश फारच कमी विखुरतात. हे विखुरणे तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते; त्या हिशेबाने ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ७५० नॅनोमीटरच्या प्रकाशापेक्षा साडेसात पटींहून अधिक विखुरतो. सावल्यांना एरवी जो उजेड मिळतो तो आकाशाचाच असतो, त्यामुळे उघड्यावरच्या सावल्याही या फिल्मवर गडद काळ्या होतात. ढग मात्र पांढरेच राहतात.

पाणी इन्फ्रारेड प्रकाश शोषून घेते, म्हणून स्वच्छ आणि पुरेसे खोल पाणी काळे दिसते. गढूळ पाण्यातला गाळ प्रकाश परत फेकतो, त्यामुळे पावसाळ्यातली खाडी करडी उमटते. संथ पाणी आरशाचेही काम करते: त्यात काळ्या आकाशाचे प्रतिबिंब असेल तर ते काळे, आणि काठावरच्या कांदळवनाचे असेल तर पांढरे. लाटेचा फेस नेहमी पांढरा.

दगडाबाबत कोकणात दोन टोके आहेत. किनाऱ्यावरची काळ्या बेसाल्टची खडपे काळीच राहतात. जांभा मात्र लाल असल्यामुळे बराच उजळतो. नुकताच तासलेला चिरा फिकट करडा दिसतो, तर पावसाने काळवंडलेला जुना गडगा मधल्या छटेत राहतो. कौलेही जांभ्याप्रमाणेच उजळतात, आणि त्यातून उभी राहणारी अडचण पुढे पाहू. रंगवलेल्या होड्या, छत्र्या आणि कपडे यांचा मात्र भरवसा धरू नये. हिरव्या रंगाची होडी पानासारखी पांढरी होईलच असे नाही, आणि डोळ्यांना काळे दिसणारे कापडही करडे निघू शकते.

फिल्म आणि फिल्टर

कोडॅकची एचआयई ही फिल्म २००७ मध्ये बंद झाली. तिच्यात प्रकाशाचे परावर्तन रोखणारा थर नव्हता, त्यामुळे उजळ भागांभोवती धूसर प्रभा पसरत असे. जुन्या इन्फ्रारेड चित्रांतील ती प्रभा आजच्या फिल्मकडून अपेक्षू नये. सध्या विचार करावा अशा दोन फिल्म म्हणजे सुमारे ८२० नॅनोमीटरपर्यंत संवेदनशील असलेली रोलाय इन्फ्रारेड ४०० आणि सुमारे ७४० नॅनोमीटरपर्यंत पोहोचणारी इलफर्ड एसएफएक्स २००. माझी पसंती कोकणासाठी रोलायला आहे, कारण ७२० नॅनोमीटरच्या आतला प्रकाश अडवणाऱ्या फिल्टरमागे तिच्याकडे काम करण्याइतका प्रकाश उरतो, तर एसएफएक्सच्या वाट्याला तो अगदी थोडा येतो. नुसता गडद तांबडा फिल्टर लावला तर दोन्ही फिल्मवर आकाश काळवंडते, पण पाने जेमतेम उजळतात. खऱ्या परिणामासाठी होया कंपनीचा आर ७२ हा ७२० नॅनोमीटरचा फिल्टर किंवा त्याच्या तोडीचा फिल्टर लागतो.

हा फिल्टर डोळ्यांना जवळजवळ अपारदर्शक असतो. एसएलआर कॅमेऱ्यात दृश्य चित्राच्याच लेन्समधून पाहायचे असल्यामुळे चौकट आधी बांधून, फोकस करून, तिपाई घट्ट करून मग फिल्टर चढवावा लागतो, आणि प्रत्येक नव्या चौकटीसाठी तो काढावा लागतो. दोन लेन्सचा जुना टीएलआर कॅमेरा मिळाला तर ही कटकट संपते, कारण फिल्टर खालच्या लेन्सवर राहतो आणि वरच्या लेन्समधून दृश्य सतत दिसत राहते. लाटेचा फेस नेमका कुठे पोहोचला आहे हे शटर दाबतानाही पाहता येणे ही किनाऱ्यावर फार मोठी सोय आहे. अगदी शेवटच्या पिढीतल्या काही स्वयंचलित कॅमेऱ्यांमध्ये फिल्म मोजण्यासाठी इन्फ्रारेड दिवा असतो आणि त्याने फिल्म धुरकटण्याचा धोका असतो, म्हणून साधा यांत्रिक कॅमेरा बरा. रोलायची फिल्म पारदर्शक पॉलिस्टरच्या पट्टीवर असते आणि कडेने शिरलेला उजेड त्या पट्टीतून आतपर्यंत जातो. रोल भरणे आणि काढणे हे घरात, अंधाऱ्या कोपऱ्यात उरकावे. शीतकपाटातून काढलेला रोल वेष्टन न फोडता काही तास बाहेर ठेवावा, नाहीतर किनाऱ्यावरच्या दमट हवेत त्यावर दव धरते.

ऋतू, घड्याळ आणि तिथी

पाऊस उघडल्यानंतरचा ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हा काळ सर्वांत चांगला. हवा धुतलेली असते, सड्यावरचे, म्हणजे कातळाच्या सपाट माळावरचे, गवत अजून ओले असते, आणि कातळातल्या खोलगट जागी साचलेले पाणी काळे उमटते. डिसेंबरपासून सडा सुकत जातो. वाळलेले गवतही बरेच उजळ येते, पण ओल्या पानांचा जिवंतपणा त्यात नसतो, आणि करड्या कातळापासून ते नीट वेगळे होत नाही. त्या दिवसांत वाड्या आणि खाड्यांकडे वळावे. मे महिन्याच्या अखेरीस जमिनीवर फारसे काही नसते, परंतु पावसाआधीचे ढग काळ्या आकाशावर असे उभे राहतात की तेवढ्यासाठी एखादा रोल राखून ठेवावा.

एरवी छायाचित्रकार भल्या पहाटे आणि सूर्यास्ताला बाहेर पडतात. या फिल्मसाठी सकाळी नऊपासून दुपारी तीन-साडेतीनपर्यंतचे लख्ख ऊन उपयोगी, मात्र त्या वेळेत तोंड कोणत्या दिशेला आहे हे पाहावे लागते. सूर्य पाठीशी किंवा बाजूला असताना आकाश काळे होते आणि समोर असताना ते पांढरे पडते. कोकणचा समुद्र पश्चिमेला आहे. म्हणून समुद्राकडे पाहणारी चौकट सकाळी बांधावी, आणि पुळणीवर उभे राहून मागच्या माडांकडे पाहणारी चौकट दुपार कलल्यावर बांधावी. मधल्या वेळेत, विशेषतः हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असताना, उत्तरेकडे पाहावे. डिसेंबरमध्ये मालवणच्या परिसरात भरदुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ५० अंशांवरच असतो, त्यामुळे उत्तरेचे आकाश दिवसातले सर्वांत गडद आकाश ठरते. क्षितिजालगतची पट्टी नेहमीच थोडी फिकट राहते हे लक्षात ठेवून क्षितिज खाली ठेवावे किंवा ते झाडीने झाकावे.

भरती-ओहोटीसाठी कोळ्यांचा जुना हिशेब पुरतो. तिथीच्या आकड्याला पाऊणपट केले की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला ती तीनच्या सुमारास येते, आणि पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या पुढेमागे. म्हणजे उधाणाच्या दिवसांत खाडी भरलेली असते ती नेमक्या आपल्या कामाच्या वेळेत. उलट अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, भरती सहाला आणि ओहोटी दुपारी असल्यामुळे खडपे उघडी पडतात. खाडीतली प्रतिबिंबे हवी असतील तर पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास जावे आणि खडपांची चित्रे हवी असतील तर अष्टमीच्या आसपास. नेमक्या वेळेसाठी त्या बंदराचे भरतीचे कोष्टक पाहावेच.

चौकट बांधणे

जागेवर पोहोचल्यावर कॅमेरा पिशवीतच ठेवावा आणि वहीत काडेपेटीएवढा चौकोन काढून त्यात फक्त तीन छटा भराव्यात. ऊन पडलेली पाने, ढग आणि फेस यांची जागा कोरी सोडावी. पाणी, आकाश आणि उघड्यावरच्या सावल्या पेन्सिलीने गडद कराव्यात. दगड, वाळू आणि भिंती यांना हलकी रेघ मारावी. या छोट्या चौकोनात काळ्याचा एकच सलग, ओळखू येणारा आकार दिसला तर चित्र उभे राहण्याची शक्यता मोठी असते. काळे ठिपक्यांसारखे विखुरलेले दिसले तर दोन पावले बाजूला सरकून, खाली बसून किंवा वर चढून ते एकत्र येते का हे पाहावे. हा उद्योग पाच मिनिटांचा आहे आणि बारा चित्रांच्या रोलमध्ये तो फार वाचवतो.

देवबागचे उदाहरण घेऊ. मालवणच्या दक्षिणेला कर्ली नदी आणि अरबी समुद्र यांच्या मधोमध जमिनीची ही चिंचोळी पट्टी आहे, आणि ती माडांनी भरलेली आहे. नदीच्या दक्षिणेकडील भोगव्याच्या बाजूच्या उंचवट्यावरून उत्तरेकडे पाहिले की डावीकडे समुद्र, उजवीकडे नदी आणि मध्ये माड दिसतात. डोळ्यांना येथे निळा-हिरवा-निळा असा सौम्य फरक जाणवतो. फिल्मवर मात्र दोन काळ्यांच्या मध्ये एक पांढरी पट्टी उरते. आता प्रश्न त्या पट्टीचा नसून दोन काळ्यांच्या वाटणीचा आहे. दोन्ही सारखे ठेवले तर चित्र मधोमध दुभंगते, म्हणून एकाला दुसऱ्याच्या निदान दुप्पट जागा द्यावी. समुद्राला मोठी जागा दिली तर लाटांच्या पांढऱ्या रेघा त्या काळ्यात गती आणतात, नदीला दिली तर संथपणा वाढतो. माझ्या मते समुद्र मोठा ठेवणे बरे, कारण फेसाच्या रेघा पट्टीच्या कडेशी समांतर धावतात आणि नजर त्यांच्यासोबत आत जाते. आकाशाला पातळ पट्टीइतकीच जागा पुरे, कारण वर आणखी एक मोठे काळे आले की खालच्या दोघांचे भांडण तिघांचे होते.

सिंधुदुर्ग किल्ल्यापाशी उलटी अडचण येते. १६६४ साली बांधायला घेतलेला हा जलदुर्ग मालवणच्या किनाऱ्यावरून पश्चिमेला दिसतो. काळे पाणी, काळे आकाश आणि त्यांच्या मध्ये गडद दगडाची तटबंदी. दुपारनंतर ऊन समोरून आले की तट पाण्यात मिसळून जातो. सकाळी आपल्या पाठीमागून ऊन पडलेला तट मधल्या करड्या छटेत येतो, पायथ्याशी फुटणारा फेस त्याला खालून रेघ देतो, आणि तटावरून डोकावणारे आतले माड वरून पांढरी कडा देतात. त्या तीनही गोष्टी एकाच चौकटीत हव्यात, म्हणून तेथे लांब लेन्स वापरावी आणि आकाशात ढग असतील तो दिवस निवडावा.

कौलारू घराचे चित्र मात्र सर्वांत जास्त विचार मागते. उजळ कौले आणि पांढरी झाडी एकमेकांत विरघळतात, आणि डोळ्यांना उठून दिसणारे घर फिल्मवर हरवते. येथे मदतीला येते ती सावली. पडवीचा आतला भाग, पागोळीखालची आडवी सावली आणि दाराचा अंधार ही या घराची खरी रेखाकृती असते. ऊन जरा बाजूने पडत असताना, पुढे आलेल्या पाखेची सावली भिंतीवर रुंद झाली की शटर दाबावे. शक्य असेल तेथे खाली बसून कौलांचा कोना झाडीऐवजी काळ्या आकाशावर आणावा. घराकडे उतरणारी जांभ्याची पाखाडी मिळाली तर तिच्या पायऱ्यांच्या उभ्या बाजू सावलीत असल्यामुळे काळ्या-करड्या पट्ट्यांची रांग तयार होते, आणि दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या झुडपांमधून ती रांग नजरेला घरापर्यंत नेते.

माडा-पोफळीच्या वाडीत शिरल्यावर नियम बदलतात. उघड्यावरची सावली काळी होते, परंतु झावळ्यांखालची सावली तशी होत नाही, कारण पानांतून पार झालेला इन्फ्रारेड प्रकाश तिला भरून टाकतो. वाडीच्या आत सगळे एकसारखे धूसर, दुधट उजळ दिसू शकते. अशा वेळी खोडांवर भर द्यावा. पोफळीच्या खोडांची रांग, पाटाचे पाणी, विहिरीचे तोंड ही वाडीतली गडद ठिकाणे असतात; त्यांपैकी एक जवळ आणि मोठे ठेवून बाकीच्या पांढऱ्याला मागे जाऊ द्यावे.

दूरच्या दृश्यांबाबत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. एरवी धुरकट हवेमुळे मागच्या डोंगररांगा फिकट होत जातात आणि त्यातूनच खोली कळते. इन्फ्रारेडमध्ये ही धूसरता बरीचशी नाहीशी होते, त्यामुळे सड्यावरून दिसणारा सह्याद्री अचानक जवळ आल्यासारखा सपाट होतो. धुक्याचे थेंब मोठे असल्यामुळे दाट धुके मात्र जात नाही. खोली हवी असेल तर ती वस्तूंच्या एकमेकांवर येण्यातून आणि आकारांच्या लहान-मोठेपणातून उभी करावी: पुढे एखादा वाकलेला माड किंवा खडप, मध्ये खाडीचे काळे वळण, मागे डोंगर.

एक्स्पोजर, फोकस आणि तिपाई

प्रकाशमापक दृश्य प्रकाश मोजतो, इन्फ्रारेड नाही; त्यामुळे त्याचे उत्तर अंदाजाची सुरुवात म्हणूनच घ्यावे. रोलाय ४०० आणि आर ७२ या जोडीसाठी हातातल्या मीटरवर फिल्मची संवेदनशीलता (आयएसओ) १२ ठेवून, फिल्टरशिवाय मोजमाप करावे. लख्ख उन्हात लेन्सचे छिद्र एफ ११ वर ठेवल्यास साधारण १/३० सेकंद येतो. त्याच चौकटीचे १/१५ आणि १/८ सेकंदाचे आणखी दोन फोटो काढावेत. एसएफएक्ससाठी सुरुवात ६ पासून करून पुढे ३ आणि १.५ पर्यंत जावे. वाडीच्या आत मात्र मीटर फसवतो: त्याला अंधार दिसतो, पण फिल्मसाठी तेथे पुष्कळ प्रकाश असतो, म्हणून तेथे मीटरच्या आकड्यापेक्षा एक-दोन स्टॉप कमीचाही (एक स्टॉप कमी म्हणजे निम्मा प्रकाश) एक फोटो घ्यावा. प्रत्येक चित्राचे आकडे वहीतल्या त्या छोट्या चौकोनाखालीच लिहून ठेवावेत.

इन्फ्रारेड प्रकाश लेन्समधून किंचित मागे केंद्रित होतो. जुन्या लेन्सवर त्यासाठी लाल खूण असते. नेहमीसारखा फोकस करून आलेले अंतर त्या खुणेसमोर आणावे. खूण नसेल तर फोकसची कडी अंमळ जवळच्या अंतराकडे वळवून एफ ११ किंवा एफ १६ ठेवावे, म्हणजे उरलेला फरक फोकसच्या खोलीत सामावतो.

पुळणीवर तिपाईचे पाय बुडतात, आणि परतणारी लाट पायाखालची वाळू काढून नेते. पाय आधीच दाबून खोल रोवावेत किंवा त्यांच्याखाली दगडाची सपाट चिप ठेवावी, आणि लाट मागे सरत असताना शटर दाबू नये. वाऱ्यात झावळ्या हलतात. १/८ सेकंदात त्या पुसट होतात. ते नको असेल तर सकाळी समुद्रावरचा वारा सुरू होण्याआधी काम उरकावे. घरी आल्यावर तिपाईचे पाय गोड्या पाण्याने धुवावेत आणि फिल्टरवरचे खारे तुषार कोरड्या कापडाने न घासता आधी ओल्या कापडाने टिपावेत.

डेव्हलपिंगसाठी फिल्मच्या निर्मात्याने दिलेला वेळ पाळावा. कोकणातले नळाचे पाणी बहुतेक वर्षभर २० अंशांपेक्षा बरेच गरम असते, म्हणून रसायनांच्या बाटल्या बर्फ घातलेल्या परातीत ठेवून तापमान खाली आणावे, आणि फिक्सर व धुण्याचे पाणीही त्याच्या जवळपास राखावे. वेळ वाढवून काळ्या-पांढऱ्यातला विरोध वाढवण्याचा मोह येथे टाळावा, कारण या दृश्यांत विरोध मुळातच भरपूर असतो. प्रिंट करताना काळे पूर्ण काळे होऊ द्यावे. पांढऱ्या झावळ्यांमध्ये मात्र पात्यागणिक रेघ दिसेल इतकी हलकी छटा राखावी, आणि त्यासाठी पहिल्या चाचणीची पट्टी आकाशावर न ठेवता झाडाच्या शेंड्यावर ठेवावी.